पहिल्या नंबरचा पेशंट

"काका, एक नंबरचा पेशंट कचरा होता. काढून टाकला," बोंडे म्हणाले, आणि मी "बरं" म्हणालो. दुपारचे बारा वाजत आले होते. बाहेर व्हरांड्यात डोळ्यांत थेंब घातलेली माणसं माना वर करून बाकांवर बसली होती. अकोल्याहून खास बोलावलेले कॉम्प्युटर इंजिनियर बोंडे माझ्या आठ वर्षांच्या प्रोग्रामची एका सकाळीत उचलबांगडी करून नव्या मशीनसमोर चहा पीत होते. माणूस चांगला होता, उगाच नावं ठेवायला नको. जुन्या मशीनमधून फ्लॉप्या भरभरून त्यांनी सगळी माहिती नव्यात नेली, नवा प्रिंटर जोडला, आणि वर विचारलं, "हा प्रोग्राम तुम्ही स्वतः लिहिलाय? कुठं शिकलात?" पुस्तकातून, मी म्हणालो. दोन दिवसांनी रिटायर होणाऱ्या कारकुनाला असं कुणी विचारलं की तो जरा फुगतो. मी फुगलेला असतानाच ते वाक्य आलं. "इंग्रजी अक्षरांत नुसतं श्री लिहिलंय. ना नाव, ना आडनाव. बाई, वय पंचावन्न, गाव दुसरबीड. आठ वर्षांत बत्तीस कार्डं पाठवलीत हिला, एकदाही आलेली नाही. अशी नोंद ठेवून काय करायची?" बरोबर होतं. काहीच करायची नव्हती. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

कार्ड म्हणजे साधं पोस्टकार्ड. आमच्या बुलढाण्याच्या या डोळ्यांच्या दवाखान्यात काचबिंदूचे पेशंट जिल्ह्याभरातून येतात. मोतीबिंदूचं एक बरं, दिसेनासं झालं की माणूस आपणहून येतो. काचबिंदू तसा नाही. डोळ्यातला दाब वाढत राहतो, दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं नजर जात जाते आणि माणसाला पत्ता लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून दर तीन महिन्यांनी दाब मोजायचा. वीस-एकवीसपर्यंत ठीक, त्याच्या वर गेला की धोका. पण दर तीन महिन्यांनी सगळ्यांनी कशाला गाड्या बदलत यायचं? म्हणून मी प्रोग्राम असा लिहिला की मागचा दाब बघून ज्यांना यायलाच हवं त्यांच्याच नावाचं कार्ड निघेल. गावोगावच्या शिबिरांत मीच माणसांना सांगत असे, कार्ड आलं तर या, नाही आलं तर घरी खुशाल राहा. लोकांनी ते इतकं मनावर घेतलं की पोस्टमनलाच डॉक्टर समजू लागले. मला त्याचा केवढा अभिमान होता.

"आता पहिलं कार्ड तुमच्या हातानं काढा," बोंडे म्हणाले. नव्या प्रिंटरचा आवाज जुन्यापेक्षा कमी होता. छापील कार्ड मी आत सरकवलं, ते बाहेर आलं. केसरबाई, दुसरबीड. मागील दाब चाळीस. मी ते हातात धरलं आणि पुन्हा वाचलं. केसरबाई ही आमची पहिली खरी पेशंट, तिचे डोळे ठणठणीत होते, तिला आयुष्यात एकदाही कार्ड गेलेलं नव्हतं. आणि चाळीस हा आकडा मी ओळखत होतो, कारण तो कुणाच्याच डोळ्यात मोजलेला नव्हता. तो मी माझ्या मनानं टाकलेला होता, श्रीच्या नावावर. मागोमाग त्रेसष्ट कार्डं निघाली. मी एकेक उचलत गेलो. संग्रामपूरचं कार्ड रुक्मिणीबाईच्या नावाचं होतं. तिथल्या ज्या तानाबाईचं निघायला हवं होतं तिचं नव्हतं. एका सेकंदात मला सगळं कळलं. दुसरं कुणी असतं तर त्याला कळलं नसतं, कारण चूक दुसऱ्या कुणाची नव्हतीच. मी प्रोग्राम लिहिताना दोन याद्या केल्या होत्या, एक नावांची आणि एक दाबांची. दाबांच्या यादीत नाव लिहायचं नाही, नुसता नंबर लिहायचा, आणि नंबर म्हणजे काय, तर नावांच्या यादीतली रांगेतली जागा. पुस्तकातून शिकलेल्या माणसाला याहून चांगलं सुचलं नाही. बोंडेंनी रांगेतला पहिला माणूस काढला, सगळी रांग एक पाऊल पुढं सरकली, आणि दाब मात्र जागच्या जागी राहिले. ज्याचं त्याचं दुखणं त्याच्या मागच्याला गेलं. तानाबाईचा उजवा डोळा आधीच गेलेला, डाव्यात दाब अडतीस, आणि तिच्या मागं रांगेत तिची जाऊ रुक्मिणीबाई. कार्ड रुक्मिणीबाईला जाणार. ती बिचारी येईल, डोळे बरे आहेत असं ऐकून आनंदानं परत जाईल. तानाबाई घरी खुशाल राहील.

"तेवीसशे अकरा होती, तेवीसशे दहा आली. एक कचरा. हिशेब जुळला," बोंडे म्हणाले. शिपाई महादेवराव कार्डांचा गठ्ठा उचलायला आले. "नेऊ का, रंगराव? दोनची डाक निघून जाईन." मी पुन्हा म्हणालो, "बरं." मग छत्री घेतली आणि जेवायला घरी निघालो.

हे "बरं" माझं फार जुनं आहे. दवाखान्यानं मला तीन महिन्यांसाठी पुण्याला पाठवलं होतं, पेशंटांची कागदपत्रं कशी ठेवायची ते शिकायला. पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, मेहेत्रे, काय करताय? मी उभा राहून म्हणालो, फाईल शोधून राह्यलो. वर्ग हसला. सरही हसले, आणि प्रेमानंच म्हणाले, पुन्हा म्हणा बरं. मी पुन्हा म्हणालो आणि पुन्हा हसले. तेव्हापासून मी कमी बोलायला शिकलो. बरं, हो, ठीक आहे, या तीन शब्दांवर माणूस अठ्ठावन्न वर्षांचा होऊ शकतो, नोकरीत वर चढू शकतो, आणि परवा चार वाजता त्याचा शाल-नारळ देऊन सत्कारही होऊ शकतो. चौकातून घराकडे चढ लागतो. फेब्रुवारीतच ऊन चांगलं तापलं होतं. मी स्वतःशी अगदी रीतसर युक्तिवाद करत चाललो होतो. आता सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की आठ वर्षं दवाखान्याच्या यादीत एक खोटी बाई होती? दर वर्षी सरकारला पाठवलेल्या आकड्यांत ती मोजलेली होती? बोंडे काय म्हणतील? देवाचं नाव घातलं होतं का काका, असं म्हणून हसतील, आणि अकोल्यात जाऊन पाच जणांना सांगतील. शिवाय तीन महिन्यांनी पुन्हा कार्डं निघतीलच, तोवर नवा माणूस आलेला असेल, तो बघेल. तीन महिने. हा शब्द मनात आला आणि मी रस्त्यात उभा राहिलो. मागून सायकलवाला ओरडला.

तीन महिने मी एकदा आधीही दिलेले आहेत. दवाखाना तेव्हा दोन खोल्यांचा होता आणि सिंधूताई डॉक्टर नव्यानं आल्या होत्या. मी आईला दुसरबीडहून तपासायला आणलं. आमचा भाजीचा मळा, वांगी, मिरची, आई दिवसभर त्यात. ती म्हणत होती की वाफ्याच्या कडेचं दिसत नाही, पाय पडतो रोपावर. डॉक्टरांनी दाब मोजला आणि मला म्हणाल्या, रंगराव, थेंब देते, पण तीन महिन्यांनी यांना न चुकता परत आणा. मी हो म्हणालो. मग पुण्याचं निघालं. पुण्याहून आलो तर कामाचा ढीग. मग पेरणी, मग कुणाचं लग्न. मी विसरलो असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं, पण मी विसरलो नव्हतो. आज पत्र टाकू, उद्या टाकू, असं रोज मनात यायचं. दीड वर्षानं घरी गेलो तेव्हा आई ओसरीवर मिरच्यांची देठं खुडत बसली होती आणि खुडलेली मिरची टोपलीच्या बाहेर टाकत होती. टोपली तिथंच होती, तिला ती दिसत नव्हती. मी तिच्यासमोर बसलो. ती म्हणाली, "तू बलावलं न्हाई, म्हून मला वाटलं डोळा बरा हाय." एवढंच. मी वाट बघत होतो की आता ती ओरडेल, आता काहीतरी फेकून मारेल. ती म्हणाली, "तुला तरी कुठं सवड व्हती." आणि मिरच्या खुडत राहिली. पुढं नऊ-दहा वर्षं जगली. एका शब्दानं कधी रागावली नाही. लोक म्हणायचे, काय समजूतदार बाई. मला ती समजूत सहन होत नसे. मी जाणं कमी केलं.

दवाखान्यात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा तिला जाऊन सात वर्षं झाली होती. प्रोग्राम लिहून झाला, पहिली नोंद टाकायची वेळ आली. आमच्याकडे कुठल्याही नव्या वहीचं पहिलं पान आपलं नसतं. त्यावर श्री लिहायचं आणि कामाला दुसऱ्या पानापासून लागायचं. शाळेच्या वहीपासून हाताला लागलेली सवय. मी नावाच्या जागी श्री टाकलं आणि पुढं जायला लागलो, तर प्रोग्राम जाऊ देईना. गाव भरा, म्हणाला. वय भरा. स्त्री की पुरुष. दाब भरा. कुठलीच जागा मोकळी सोडायची नाही अशी अट मीच घातली होती. मी खोलीत एकटा होतो. हात आपोआप चालले. दुसरबीड. पंचावन्न. स्त्री. तिच्या डोळ्यात दाब किती होता ते मला आठवेना, मी चाळीस लिहिलं. कार्ड पाठवायचं का? हो. मग दर तीन महिन्यांनी सगळ्यात पहिलं कार्ड तिचं निघे. ते मी गठ्ठ्यातून हळूच काढून घेत असे. पण निघताना प्रिंटरवर जेवढा वेळ ते अक्षर अक्षर उमटे तेवढा वेळ मला बरं वाटे. बोलावलं, असं वाटे. यात काही अर्थ नाही हे मला कळत होतं. मी काही खुळा नाही. पण माणूस स्वतःला माफ करायच्या कामाला लागला की काय काय करतो याला सुमार नाही.

घरी बायकोनं, पुष्पाबाईनं, ताट वाढलं होतं. सत्काराच्या कोटाला इस्त्री करून आणल्याचं तिनं सांगितलं. मी भाकरी मोडून ठेवली आणि नुसता बघत बसलो. "काऊन जेवून नाही राह्यले?" ती म्हणाली. "कोनी काही म्हनलं का तुमाले?"

"कोनी नाही म्हनलं. मीच काही म्हनलं नाही."

"मंग जाऊन म्हना ना. इथं भाकरीले काय सांगता?" ती म्हणाली आणि वरण आणायला आत गेली. तिला काही माहीत नव्हतं. चौतीस वर्षांत मी तिला आईला न टाकलेल्या त्या पत्राचं सांगितलेलं नव्हतं, मग त्या कार्डांचं कुठून सांगणार? मी हात धुतले. तानाबाईचा चेहरा डोळ्यांसमोर येत होता. एक डोळा गेलेली माणसं बोलताना मान थोडी वळवून बोलतात, तशी ती बोले, खणखणीत आवाजात. आई आता कशानंही परत बघणार नव्हती. तानाबाईला अजून दिसत होतं.

मी परत पोचलो तेव्हा डाक गेलेली होती. बोंडे पिशवी भरत होते आणि सिंधूताई नवं मशीन बघायला आलेल्या होत्या. मी दारातच म्हणालो, "ती कार्डं चुकीची गेलीत." मग सांगायला लागलो, आणि सांगताना पुण्याची भाषा कुठं गळून पडली मला कळलं नाही. "ते कचरा नोतं. ते पह्यलं नाव काढलं तं समदी रांग सरकून राह्यली. ज्याचं कार्ड त्याले गेलं नाही." बोंडे हसले नाहीत. त्यांनी पिशवी खाली ठेवली, मशीन सुरू केलं, चार नावं आणि चार दाब जुन्या रजिस्टरशी ताडून बघितले आणि त्यांचा चेहरा उतरला. "मी तुम्हाला विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "इलाज सोपा आहे. पहिली जागा परत भरायची, रांग मागं सरकते. पण मला एक सांगा, ही बाई कोण?"

मी सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, दोन माणसांसमोर, उभ्यानं सांगितलं. पत्र टाकलं नाही हे सांगितलं, मिरच्यांचं सांगितलं, काढून घेतलेल्या कार्डांचंही सांगितलं. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं, पण नाही आलं. सिंधूताई खुर्चीवर बसल्या. त्यांचेही केस आता पांढरे झालेत. "मी तुम्हाला एकदाच सांगितलं, रंगराव," त्या म्हणाल्या. "तुम्ही रोज समोरच्या टेबलावर बसत होतात. तीन महिने झाले, सहा झाले, मी एकदा तरी विचारायचं की नाही, आई कुठं आहे म्हणून? मला आठवत होतं. मला वाटलं, मुलगा आहे, बघेल." मग म्हणाल्या, "त्रेसष्ट कार्डं उद्याच्या डाकेनं पुन्हा जाऊ द्या."

बोंडेंनी पहिली जागा उघडली. "श्रीच टाकू?"

"नाही. सोजराबाई रामराव मेहेत्रे."

त्यांनी टाकलं. एकेका अक्षराला मी बघत होतो. गाव, वय, स्त्री. दाबाशी ते थांबले. मी म्हणालो, मला माहीत नाही. तसं भरायला प्रोग्राम तयार नव्हता, तेव्हा त्यांनी शून्य भरलं. कार्ड पाठवायचं का, या प्रश्नाशी त्यांनी नुसतं माझ्याकडं पाहिलं. मी नको म्हणालो. मग महादेवरावांना विचारलं की संग्रामपूरकडं जायला पहिली गाडी कितीला आहे. सिंधूताई म्हणाल्या, "अहो, कार्ड जाईल ना." मी म्हणालो, "जाईल. मीही जातो."

परवाचा दिवस म्हणजे माझा शेवटचा दिवस, आणि त्या दिवशी सकाळी अकराला मी संग्रामपुरात तानाबाईच्या दारात उभा होतो. आदल्या दिवशी सगळी कार्डं मी स्वतः पुन्हा काढली, रजिस्टरशी ताडली, आणि मगच निघालो. ती अंगणात तूर पाखडत होती. मान वळवून तिनं मला पाहिलं. म्हणाली, "कार्ड तं नाही आलं."

"आलं नसतं. माझी चूक झाली. चाला, गाडी आहे."

"चूक मंजे?" ती म्हणाली. तूर तशीच टाकून ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मी सांगितलं. तिनं दोनदा विचारून घेतलं. आणि मग जी सुरू झाली ती लुगडं बदलताना घरातून बोलत होती, थांब्यापर्यंत बोलत होती, शेगावला गाडी बदलताना बोलत होती. "काऊन हो, कोन सांगतलं तुमाले असं करा म्हनून? कार्ड नाही तं डोळा बरा! मी तं बसली असती ना घरी, आंधळी होईस्तोर बसली असती! पोस्टमन का माह्या डोळ्यात पाह्यते का?" खामगाव गेलं. गाडी घाट चढायला लागली. ती खिडकीशी बसली होती, बऱ्या डोळ्याच्या बाजूनं माझ्याकडं वळून. "शिकले-सवरले तुमी, मशीन आनली, अन् मानसाले विचारत नाही का बाई, तुले दिसते का? एक डोळा गेलेला आहे माहा, काई वाटते का नाही तुमच्या जिवाले?" पुढच्या सीटवरची माणसं मागं वळून बघत होती. कंडक्टरनं मला विचारलं, बाई तुमच्या कोण? साडेतीन वाजले होते, चारला माझा सत्कार होता, आणि मी अजून घाटात होतो. शेवटी तिला दम लागला. पदरानं तोंड पुसून ती खिडकीबाहेर बघायला लागली, आणि गाडीत एकदम शांत झालं. ती शांतता मला सहन होईना.

"बोला, तानाबाई," मी म्हणालो, "थांबू नका. अजून बोला."